राजाची अडलेली शिंक

एका राज्यात सात वर्षं काहीच सुरू झालं नाही. लग्न नाही, नांगरट नाही, घराचा पाया नाही. शेजारच्या राजाने एकदा स्वारी केली. पण इकडून लढाई सुरू करायला कुणी पुढे येईना. तो बिचारा तीन दिवस वेशीबाहेर तळ देऊन बसला, जांभया दिल्या, आणि आल्या वाटेने परत गेला.

कारण एवढंच, की राजाला शिंक येणार होती.

आता हे नीट ऐका, कारण पुन्हा सांगायचं त्राण माझ्यात उरणार नाही. त्या राज्याची एक रीत होती. कामाला हात घालताना कुणाची शिंक ऐकू आली, तर हातातलं खाली ठेवायचं, बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग उठायचं. न्हाव्याने वस्तरा ठेवायचा, सुताराने रंधा ठेवायचा, नवरदेवाने हार ठेवायचा. शिंका लहान होत्या, पाणी भरपूर होतं, म्हणून कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते एका तपकिरीच्या डबीपायी.

राजाचं नाव धीरसेन. धीर तेवढा नावातच. त्याने माणकोजी मीनाकाराला सोन्याची डबी करायला सांगितली. माणकोजीने झाकणावर फांदी कोरली, फांदीवर भारद्वाज कोरला, आणि कोरलेल्या खळग्यांत रंगीत काचेची पूड भरून ती भट्टीत विरघळवायला घेतली. यालाच मीना म्हणतात. त्याचा क्रम ठरलेला. पांढरा आधी, कारण त्याला आग जास्त लागते. मग निळा, हिरवा, विटकरी. तांबडा अगदी शेवटी, कारण तो हळवा. आग थोडी चढली की काळा पडतो. चार वेळा डबी भट्टीत जाऊन आली. पाचव्या खेपेला उरला होता फक्त भारद्वाजाचा डोळा.

डोळ्यात तांबड्याची पूड भरून माणकोजीने डबी चिमट्यात उचलली, आणि दारात उभा असलेला राजा शिंकला.

माणकोजीने चिमटा खाली ठेवला, बसला, पाण्याचा तांब्या ओढला.

“काय झालं?” राजा म्हणाला.

“शिंक झाली, महाराज.”

“तिळाएवढ्या डोळ्यासाठी राजाने ताटकळायचं?”

“तुमच्याच शिंकेसाठी थांबलोय, महाराज.”

राजाला हे लागलं. त्याने डबी उचलली, डोळ्यातली ओली पूड अंगठ्याने पुसून टाकली, आणि म्हणाला, “आंधळा असला तरी डबीचं काही बिघडत नाही.” दरबारात जाऊन त्याने डबीत तपकीर भरवली, चिमूटभर ओढली. शिंक निघाली. छातीतून गळ्याशी आली, गळ्यातून नाकाशी आली, आणि तिथेच थांबली. राजाला वाटलं की हे काम मीनाकाराचं. तो कसाबसा बोलला, “माझी शिंक येताच त्या माणकोजीचं मुंडकं उडवा.” एवढं बोलून त्याचं तोंड उघडं राहिलं, डोळे अर्धे मिटले, मान मागे गेली. त्यानंतर सात वर्षं राजा एक अक्षर बोलला नाही.

राजज्योतिष्यांनी पंचांग पाहिलं. म्हणाले, “शिंक निघाली आहे, पोचलेली नाही. ती येऊन जाईपर्यंत कुणी नवं काम सुरू करू नये. चालू असेल ते चालू द्यावं.”

ऐकायला सोपं वाटतं. पण एकदा संपलेलं जेवण पुन्हा सुरू करता येईना, म्हणून लोक शेवटचा घास पानातच ठेवू लागले. पाहुणे निघेनात, कारण निघणं हेही सुरू करणंच. दरबार उठला नाही, कारण उठला तर पुन्हा भरणार कसा? मुलं जन्मली ती ज्योतिष्यांना न विचारता. पण बारसं कुणाचं नाही. गल्लीत “ए बाळा” म्हटलं की चाळीस पोरं धावत. आणि झोप? झोपेची सुरुवात करावी लागते. डुलकी आपोआप येते म्हणून डुलकीला तेवढी माफी मिळाली. सगळं राज्य डुलक्यांवर जगू लागलं. डोळे तांबारले, पाय जड झाले, बोलताना वाक्याच्या मध्येच माणसं भिंतीला टेकू लागली.

माणकोजीला सिंहासनासमोर दगडावर बसवलं होतं. शेजारी भैरू जल्लाद, तलवार उगारून. उजवा हात भरून आला की डाव्या हातात घ्यायची, डावा भरला की उजव्या. दोघांची सात वर्षांत चांगली गट्टी जमली असती, पण बोलायला सुरुवात कोण करणार?

माणकोजीशी बोलू शकणारं माणूस राज्यात एकच होतं. त्याची बायको राही. त्याचं कारण असं. रंग घोटायचं काम राहीचं, भरायचं काम माणकोजीचं. डबीचा तांबडा राहीने घोटला, तेव्हा माणकोजी म्हणाला, “जाड घोटलायस.” राही म्हणाली, “रंग जाड नाही, हात कापतोय तुमचा.” भांडण ऐन रंगात असताना बहिणीकडून निरोप आला आणि ती गेली. परतीच्या वाटेवर होती तेव्हा शिंक अडली. म्हणजे तिचा प्रवासही चालू, भांडणही चालू. घरात पाऊल टाकलं तर प्रवास संपणार, म्हणून सात वर्षं ती घराच्या आसपास चालत राहिली. उंबरा ओलांडला नाही. आणि भांडण मिटलं तर बोलणं संपणार, म्हणून ते तिने जिवापाड जपलं.

रोज दुपारी ती भाकरी घेऊन दरबारात यायची.

“जाड घोटणारीच्या हातची भाकरी चालते का तुम्हाला?”

“जाड घोटणारीची भाकरी जाडच असणार. दे इकडे.”

“कापऱ्या हातातून सांडू नका म्हणजे झालं.”

“अर्धी भैरूला दे. त्याचा हात माझ्यापेक्षा जास्त कापतोय.”

भैरू भाकरी घ्यायचा आणि उसासा टाकायचा. तो उसासाही जुनाच, मधून मधून सोडलेला.

सातव्या वर्षी एका दुपारी राजाच्या मांडीवरची डबी बोलली. “राहीबाई, खल थांबला का?”

राही चपापली नाही. खलात रंग घोटताना ती या भारद्वाजाशी बोलतच असे. ते बोलणं अर्धवट राहिलं होतं. “थांबला,” ती म्हणाली. “सात वर्षं झाली.”

“मला दिसत नाही.”

“ठाऊक आहे.”

“मला दिसेल तेव्हा राजा शिंकेल.”

“राजा शिंकला तर माझा नवरा जाईल.”

“नाही शिंकला तरी जाईल. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. त्याचा श्वास चैत्रापलीकडे पुरणार नाही. भैरूचाही नाही.”

राहीने मनात हिशेब मांडला. राजाची आज्ञा मोडायची तर राजानेच मोडायला हवी; राजाला बोलायचं तर आधी शिंकायला हवं; आणि शिंकला की तलवार. शिंक आणि तलवार यांच्यामध्ये एक शब्द मावेल का, एवढाच काय तो प्रश्न होता. तिला वाटलं, मावेल. न मावला तर चैत्र आहेच.

“काय लागेल?” ती म्हणाली.

“तीन गोष्टी. तांबडा रंग. भर आग. तिसरी त्या दोन आणल्यावर सांगेन.”

राही वेशीपाशी आली. पहारेकऱ्याने भिंतीला टेकूनच विचारलं, “कुठे निघालात?”

“निघाले नाही रे बाबा. घरीच चाललेय. जरा वाट वाकडी करतेय.”

“मग हरकत नाही,” असं म्हणून त्याने पुढची डुलकी घेतली.

तीन डोंगर ओलांडल्यावर गुहेत धूम्राक्ष मांत्रिक राहत होता. जगातले रंग तो बरण्यांत साठवून ठेवी. संध्याकाळचा जांभळा, मोराच्या मानेचा निळा, चुलत्याच्या रागाचा काळा. राहीला पाहून त्याने तीन खडे समोर ठेवले. पहिला डाळिंबाच्या दाण्यासारखा. दुसरा ताज्या रक्तासारखा. तिसरा मळकट पिवळा, बाभळीच्या डिंकासारखा.

“यातला एकच तांबडा खरा आहे,” मांत्रिक म्हणाला. “चुकलीस तर तुझा खडा होईल. तुझ्या आधी बारा जण चुकले. तो ढीग त्यांचाच.”

राही आधीच दमली होती. खडा व्हायला तिची फारशी ना नव्हती. तरी तिने डिंकासारखा खडा उचलला.

“हा कसा?”

“सोन्यावरचा खरा तांबडा कच्चेपणी तांबडा नसतो,” राही म्हणाली. “तो आगीत गेल्यावर तांबडा होतो. आधीच लाल दिसतो तो भट्टीत काळा पडतो. वीस वर्षं घोटतेय मी.”

मांत्रिकाने उसासा टाकला. “ते बारा जण तलवारबाज होते,” तो म्हणाला. “घोटणारी कुणी आलीच नाही.” आणि त्याने खडा तिच्या पदराला स्वतः बांधून दिला.

पहिली गोष्ट झाली.

आगीचं अवघड होतं. राज्यातल्या चुली सात वर्षं राखेखाली कशाबशा धुगधुगत होत्या. नवी आग पेटवायची सोय नाही. मीन्याला तर भर आग हवी, आणि तीही आधीपासून पेटलेली. अशी आग एकाच ठिकाणी होती. काळ्या पठारावर लंबोष्ठी राक्षसिणीची चूल हजार वर्षं जळत होती. आग विझली तर राक्षसीण मरणार, असा तिला शाप होता.

राही पोचली तेव्हा राक्षसीण लाकूड सरकवत होती. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं थाळ्याएवढी होती.

“खाऊ का तुला?” ती म्हणाली.

“खा. पण मग लाकडं कोण सरकवेल? तुला खायला दोन्ही हात लागतील.”

राक्षसिणीने विचार केला. विचार करता करता तिची मान कलंडली, आणि तिने दचकून पुन्हा लाकूड सरकवलं. “हजार वर्षं डोळा लागलेला नाही, बाई,” ती म्हणाली.

“नीज. मी बघते.”

“विझू देशील.”

“वीस वर्षं भट्टी बघितलीय. जाळ रंगावरून ओळखते मी. नीज.”

राक्षसीण निजली ती सव्वा महिना. तिच्या घोरण्याने पठारावरचे दगड सरकत होते. राहीने आग विझू दिली नाही, वाढूही दिली नाही. राक्षसीण उठली, आळस दिला, आणि म्हणाली, “माग.” राहीने एक निखारा मागितला. राक्षसिणीने मडक्यात राख घालून त्यात निखारा पुरून दिला. “याला कोळसा दाखवलास की हा आपला आपण भडकेल,” ती म्हणाली. “आणि बाई, परत ये कधी. नुसती बसायला.”

दुसरी गोष्ट झाली.

राही दरबारात आली तेव्हा फाल्गुन संपत आला होता. माणकोजीची मान छातीवर आली होती. तिने डबीपाशी मडकं ठेवलं, खडा ठेवला. “तिसरी सांग,” ती म्हणाली.

भारद्वाज म्हणाला, “हात. ज्याला ही शिंक नको आहे, त्याच्याच हाताने डोळा भरला पाहिजे.”

राहीने प्रधानाकडे पाहिलं. त्याने हात जोडले, म्हणाला, “बाई, सात वर्षं मी उभा आहे. मला शिंक हवी आहे.” ज्योतिष्यांना हवी होती. दाराआडून बघणाऱ्या बिनबारशाच्या पोरांना हवी होती. तिने भैरूकडे पाहिलं.

“वहिनी,” भैरू पुटपुटला, “तुमची भाकरी खाल्लीय मी. पण मला झोप हवी आहे. म्हणजे शिंक हवीच आहे.”

शेवटी तिने नवऱ्याकडे पाहिलं. “कापऱ्या हातवाले, तुमचं काय?”

“मलाही हवीच आहे गं,” माणकोजी म्हणाला. “दमलो.”

अख्ख्या राज्यात ती शिंक नको असलेलं माणूस एकच उरलं. राही खाली बसली. तिने आयुष्यात कधी सळई धरून रंग भरला नव्हता.

प्रधान पुढे आला. “काम नवं आहे का, बाई? नवं असेल तर परवानगी नाही.”

“जुनंच आहे,” राही म्हणाली. “अर्धं राहिलंय.”

“मग असू दे.”

तिने डबीतली तपकीर पळसाच्या पानावर काढून ठेवली. खडा कुटला, खलात टाकला, पाणी घातलं, घोटायला लागली. घोटत राहिली. गढूळ पाणी काढून टाकायचं, नवं घालायचं, पुन्हा घोटायचं. सावल्या एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेल्या. तिला थांबायचं नव्हतं. घोटून संपलं की भरायचं, भरून संपलं की आग, आणि आगीपुढे काय ते तिला ठाऊक होतं.

“जाड आहे अजून,” ती म्हणाली. “आहे ना जाड? बोला.”

माणकोजीने खलाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. “नाही,” तो म्हणाला. “बारीक आहे. तेव्हाही बारीकच होता. हात माझाच कापत होता.”

राहीने तोंड उघडलं, पण बोलायला काही उरलं नव्हतं. भांडण मिटलं होतं. सात वर्षं जपलेलं बोलणं त्याने एका वाक्यात संपवलं होतं, आणि मुद्दाम संपवलं होतं. तो डोळ्यांनीच म्हणाला, भर.

तिने सळईच्या टोकावर तिळाएवढा मळकट रंग घेतला आणि भारद्वाजाच्या डोळ्यात सोडला. हात कापला नाही. रंग वाळू दिला. मडक्यातला निखारा शेगडीत ठेवून कोळसा दाखवला. जाळ भडकला, पिवळा झाला, मग तिला हवा तसा नारिंगी झाला. तिने डबी चिमट्यात धरून आत सरकवली. राजा समोरच होता, नाकाशी शिंक घेऊन. पण ती त्याच्या नाकाकडे बघत नव्हती. ती डोळ्याकडे बघत होती. पिवळा डोळा विरघळला, पाणीदार झाला, आणि निवता निवता आतून तांबडा होत गेला. एवढा तांबडा त्या राज्याने कधी पाहिला नव्हता.

भारद्वाजाने डोळा फिरवला. “दिसलं,” तो म्हणाला.

आणि राजा शिंकला.

सात वर्षांची शिंक ती. दरबारातली पागोटी उडून छताला चिकटली. वेशीवरचा नगारा आपोआप वाजला. तीन डोंगरांपलीकडे मांत्रिकाच्या बरण्यांची झाकणं उडाली, ढिगातले बारा खडे पुन्हा माणसं झाले आणि आपापल्या तलवारी शोधू लागले.

राही “महाराज” असं म्हणायला वळली, पण शब्द तोंडातच राहिला. कारण भैरूने तलवार खाली ठेवली होती. तो मांडी घालून बसला होता आणि पाण्याचा तांब्या चाचपत होता.

प्रधानही बसला होता. ज्योतिषी बसले होते. सगळा दरबार बसून पाणी शोधत होता.

“भैरू,” प्रधान बसल्या बसल्या म्हणाला, “आज्ञा होती, शिंक येताच.”

“शिंक आली की बसायचं असतं, प्रधानजी,” भैरू म्हणाला. “सगळ्यांनाच.”

शिंक येताच एखादं काम कर, अशी आज्ञा त्या राज्यात देताच येत नव्हती. हे सात वर्षं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सगळे शिंकेची वाट बघत होते. ती आल्यावर काय करायचं असतं, ते फक्त अंगाला आठवत होतं.

पण एवढ्यात राजाचं नाक पुन्हा हुळहुळलं.

दरबाराने श्वास रोखला. एक शिंक म्हणजे थांब, पण लागोपाठ दोन म्हणजे शुभ. ठेवलेलं काम उचला आणि बेलाशक करा. भैरूने पाण्याचा घोट गिळला. त्याचा हात, त्याच्या मनात नसताना, तलवारीकडे सरकला. राजाची मान मागे जाऊ लागली.

राही त्याच्यासमोर उभी राहिली. “महाराज,” ती म्हणाली, “पहिली शिंक डबीची होती. ही दुसरी तुमची. सोडायची की धरायची, ते तुमच्या हातात.”

राजाने तिच्याकडे पाहिलं. सात वर्षांत त्याला पहिल्यांदाच डोळे पूर्ण उघडता आले होते. त्याने दगडावर बसलेला म्हातारा पाहिला. दगडावर बसवला तेव्हा तो म्हातारा नव्हता. मग धीरसेनाने, ज्या अंगठ्याने भारद्वाजाचा डोळा पुसला होता त्याच अंगठ्याने आणि बोटाने स्वतःचं नाक घट्ट धरलं. चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, कानांतून बारीक शिट्टी निघाली, डोळ्यांतून पाणी आलं. शिंक वर आली, आपटली, परत फिरली. राजाने ती गिळली.

मग त्याने नाक सोडलं.

“भट्टीपाशी मीच शिंकलो होतो,” राजा म्हणाला. आवाज गंजला होता. “आज्ञा मागे घेतली. पाणी द्या कुणीतरी.”

प्रधान उठला. हात जोडून म्हणाला, “महाराज, राज्य मोकळं झालं. आता प्रथम काय सुरू करावं? नांगरट, की लग्नं, की बारशी?”

राजाची मान खांद्यावर कलंडली होती. प्रधानाने ज्योतिष्यांकडे पाहिलं. ते पंचांगावर गाल ठेवून निजले होते. भैरू तलवारीला पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन घोरत होता. मग प्रधानही खांबाच्या बुंध्याशी आडवा झाला. भर दुपारी, उन्हात, सगळं राज्य झोपायला लागलं. पाहुणे यजमानांच्या ओसरीवर, पहारेकरी वेशीत, चाळीस पोरं एकमेकांच्या अंगावर.

दगडापाशी राही नवऱ्याच्या शेजारी टेकली. भांडण संपलं होतं, तेव्हा नवीनच काहीतरी बोलावं लागणार होतं. माणकोजीने खूप विचार केला.

“पाय दुखतात का गं?” तो म्हणाला.

तिने उत्तर दिलं की नाही, ते मला ठाऊक नाही. ती बहुधा झोपली होती. राज्यात जागा एकटा भारद्वाज. त्याला सात वर्षांचं बघायचं होतं, आणि तो आपल्या तांबड्या डोळ्याने एकेका झोपलेल्या तोंडाकडे सावकाश बघत होता.

त्यांची शिंक सुटली, त्यांना झोप लागली. ज्याचं नाकाशी येऊन अडलं असेल, त्याचंही असंच सुटो. आणि दुसरी आलीच, तर ती गिळायचं बळ त्याला मिळो.